दोन बोटं पुढं

“तुम्हा दोघांपैकी जो कुमीचा फोटो चांगला काढेल, त्याच्या हातात मी स्टुडिओ देणार,” नाना म्हणाले, आणि ते म्हणाले तेव्हा कुमी, म्हणजे मी, त्यांच्यासमोर स्टुलावरच बसले होते. मला कोणी काही विचारलं नाही. स्टुलावर बसलेल्या माणसाला विचारायची आमच्याकडे पद्धतच नव्हती. हनुवटी वर, खांदा खाली, हलायचं नाही, एवढंच त्याला सांगायचं.

फलटणच्या बाजारपेठेत आमचा ज्योत्स्ना फोटो स्टुडिओ होता. नाना हेंद्रे म्हणजे माझे वडील. नवराबायको त्यांच्यासमोर उभी राहिल्याशिवाय लग्न पुरतं लागलं असं आमच्या भागात कोणी मानत नसे. नानांचा कॅमेरा लाकडी, तिपाईवरचा, पुढं भाता आणि मागं दुधी काच. डोक्यावर काळं फडकं ओढून त्या काचेत बघायचं. काचेत माणूस उलटा दिसतो, डोकं खाली आणि पाय वर. तो तसाच उलटा बघत भाता पुढंमागं करायचा आणि चेहरा रेखीव झाला की थांबायचं.

गिऱ्हाईक आरशासमोर पावडर लावत असायचं, तोवर त्याच्या जागी मी बसायचे. परकर नेसत होते तेव्हापासून हे काम माझं. नाना माझ्या हातात वर्तमानपत्र देऊन ते तोंडासमोर धरायला लावायचे आणि फडक्याच्या आतून त्याचा उलटा मथळा मोठ्यानं वाचायचे. मथळा न अडखळता वाचून झाला की फोकस बसला. बाहेर बाकावर बसलेल्या नवख्या माणसांना वाटायचं, आत कोणाच्या तरी अंगात आलंय. पुढं मी मोठी झाले, निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून देवीचे वण बुजवायला शिकले, एकदोनदा नाना परगावी असताना लोकांचे फोटोही काढले, पण बसायचं काम काही सुटलं नाही.

आणि त्या वर्षी नानांचे मथळे अडखळायला लागले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. पिकल्याशिवाय डॉक्टर हात लावायला तयार नव्हते, आणि काढल्यावरही सोडा वॉटरच्या बाटलीच्या बुडाएवढा जाड चष्मा लागणार होता. पिंप्रदच्या एका जोडप्याचा फोटो असा आला की नवरा कोणता आणि मागच्या पडद्यावरचा खांब कोणता हे नवरीलाच सांगावं लागलं. नवरा भला माणूस, पैसे देऊन गेला. नाना मात्र त्या दिवशी जेवले नाहीत.

तेव्हाच मी म्हटलं होतं की स्टुडिओ मी सांभाळते. नाना चिडले नाहीत, हीच त्यातली वाईट गोष्ट. माझ्या डोक्यावर हात ठेवून त्यांनी मला समजावलं.

“फोटो काढणं म्हणजे हुकूम सोडणं असतं, कुमे. समोर मामलेदार का असेना, त्याला मान वाकडी कर म्हणायचं आणि त्यानं ती करायची. बाईमाणसाचं कोण ऐकणार?”

मला इतका राग आला की तो आठवडा मी कोणाचेही वण बुजवले नाहीत. जे जसे होते तसे लोक फोटोत आले आणि भांडायला लागले. पण नानांचा विचार पक्का होता. त्यांनी दोघांना बोलावून घेतलं. माझा आतेभाऊ विद्याधर पुण्याहून आला आणि चुलतभाऊ रघुनाथ दोन गल्ल्या पलीकडून आला. स्टुडिओ त्यांतल्या एकाकडे जाणार आणि मी लग्न होऊन कुठल्यातरी गावाला जाणार, असं सगळं ठरल्यासारखं होतं. मला जायचं नव्हतं. मला तो भाता हवा होता, ते फडकं हवं होतं, आणि समोरच्या माणसाला “हलू नका” असं म्हणायचा हक्क हवा होता.

रविवारी दाराची फळी अर्धी लावून घेतली. प्रत्येकानं माझे तीन फोटो काढायचे, लगेच धुवायचे आणि संध्याकाळच्या आत नानांना दाखवायचे, असं ठरलं. ज्यानं त्यानं आपला कॅमेरा वापरायचा. मग व्हायचं तेच झालं. कोणाचा कॅमेरा श्रेष्ठ यावर दोघांची जुंपली.

रघूचा कॅमेरा म्हणजे उभा डबा, त्याला वर एक आणि खाली एक अशी दोन भिंगं. वरच्यातून बघायचं, खालच्यातून फोटो येतो. डोळा लावायची गरज नाही, झाकण उघडून मान खाली घालायची की आत चौकोनी काचेवर चित्र. विद्याचा कॅमेरा नवा, परदेशातून कोणीतरी आणून दिलेला. त्याला भिंग एकच आणि पोटात आरसा. मधोमध एक वर्तुळ, त्यात समोरच्याचं नाक दुभंगलेलं दिसतं. भिंग फिरवून नाकाचे दोन तुकडे जुळवले की फोकस झाला.

“जे मला दिसतं तेच फिल्मवर येतं,” विद्या म्हणाला. “तुझ्यासारखं नाही, बघायचा डोळा एक आणि काढायचा दुसरा. खालच्या भिंगासमोर म्हैस येऊन बसली तरी तुला पत्ता नाही लागायचा.”

“आणि तुझा कॅमेरा ऐन फोटोच्या वेळी डोळे मिटतो,” रघू म्हणाला. “खटका दाबला की आरसा वर, अन् तुझ्यासमोर अंधार.”

विद्यानं तो अंधार क्षणभराचाच असतो म्हणून उडवून लावलं. रघूनं फोटोही क्षणाचाच असतो म्हणून सुनावलं. नाना दाराजवळच्या खुर्चीत बसून मजेत ऐकत होते आणि मी स्टुलावर मुकाट बसून दोघांचं म्हणणं नीट मनात ठेवत होते. हे सगळं मला आधीपासून माहीत होतं, पण त्यांनी ते इतक्या प्रेमानं पुन्हा समजावून दिलं की वाया घालवणं बरं दिसलं नसतं.

पहिली पाळी रघूची. त्यानं कॅमेरा तिपाईवर चढवला आणि मान झाकणात घातली. त्या काचेवर डावं ते उजवं दिसतं. त्याची सवय असलेला माणूसही घाईत चुकतो, आणि मी त्याला घाई करायला लावली. तो म्हणायचा, जरा डावीकडे सरक, की मी पटकन सरकायचे, इतकी पटकन की तो बावरून कॅमेराही वळवायचा आणि मी काचेतून पारच निघून जायचे. शेवटी वैतागून तो म्हणाला की स्टूलच हलवू. मी उठले. स्टूल सरकवून परत येताना तिपाईजवळ मी पदर सारखा केला, आणि कॅमेरा गळ्यात अडकवायचा लांब चामडी पट्टा, जो मागं लोंबत होता, तो पुढं लोंबायला लागला. वरचं भिंग मोकळं होतं. खालच्याच्या तोंडावर पट्टा आला होता.

रघूनं पुन्हा मान घातली. वरच्या भिंगातून त्याला मी दिसत होते, अख्खी, हसरी आणि शहाणी. त्यानं तीनदा खटका दाबला. उठताना नानांना म्हणाला, “काका, कुमी आज फार छान बसली.” नानांनी मान डोलावली. माझ्या बसण्याचा त्यांना अभिमान होता.

रघू डार्करूममध्ये गेला आणि विद्या पुढं आला. विद्या हुशार होता. त्यानं पट्टा आधीच मनगटाला गुंडाळला होता. पण विद्याला लहानपणापासून एक खोड होती. काहीही नेमकं करायचं असलं, गोटी मारायची असो की सुईत दोरा ओवायचा असो, की तो श्वास रोखायचा आणि त्याची डावी भुवई खाली यायची. कॅमेऱ्यामागं चेहरा झाकला होता, भुवई मात्र उघडीच होती.

त्यानं माझ्या नाकाचे तुकडे जुळवले. भुवई खाली आली. आरसा वर जायच्या ठोक्यालाच मी जीभ बाहेर काढली. खटका वाजला, आणि त्याच्यासमोरचा अंधार संपेपर्यंत जीभ जागेवर गेली होती. दुसऱ्या वेळी मी डोळे तिरळे केले. तिसऱ्या वेळी दोन्ही. तो प्रत्येक वेळी कॅमेऱ्याआडून बाहेर येऊन मला शाबासकी देत होता. नाना पाच हातांवर बसले होते, पण एवढ्या अंतरावरचं माणूस आणि कपाट त्यांना त्या दिवसांत सारखंच दिसायचं. हे मात्र मनाला लागलं, आणि तरी मी थांबले नाही.

दुपारी दोघं डार्करूममधून बाहेर आले ते एकमेकांकडे न बघता. ट्रेमध्ये ओल्या प्रती होत्या. रघूच्या तिन्ही फोटोंत मी नव्हतेच म्हटलं तरी चालेल. केस होते, एक कान होता, आणि मधून आडवा काळा पट्टा गेला होता. विद्याच्या फोटोंत मी पुरेपूर होते. एकात जीभ, एकात दोन्ही बुब्बुळं नाकाला चिकटलेली, आणि तिसरा मी आजही कोणाला दाखवत नाही. फोकस इतका बिनचूक होता की जिभेवरचा दाणा न् दाणा मोजून घ्यावा.

नानांनी भिंग डोळ्याला लावून एकेक प्रत खिडकीजवळ नेऊन बघितली. बराच वेळ बघितली. मग शांतपणे म्हणाले, “जा, कोपऱ्यावरनं चहा सांगून या. दोघंही जा.”

ते गेले. नानांनी भिंग खाली ठेवलं.

“पट्टा आपोआप पुढं येत नाही,” ते म्हणाले.

“नाही येत,” मी म्हटलं.

“आणि विद्याला दिसलं नाही, म्हणजे तू बरोबर तेवढ्याच वेळात तोंड वाकडं केलंस.”

नानांनी मला कधी मारलं नव्हतं, पण स्टुडिओत मस्करी केलेली त्यांना खपत नसे. एका हसणाऱ्या नवरदेवाला त्यांनी वरातीसकट परत पाठवलं होतं.

“माझ्या कॅमेऱ्याला काय केलं असतंस?” त्यांनी विचारलं.

हा प्रश्न येईल असं मला वाटलं नव्हतं. पण उत्तर तयार होतं. इतकी वर्षं त्या स्टुलावर बसून मी दुसरं काय केलं होतं?

“तुमच्या काचेत सगळं खरं दिसतं,” मी म्हटलं. “उलटं असलं तरी खरं. पण काचेच्या प्लेटचा होल्डर घातला की काच झाकली जाते. तिथून खटक्याचा रबरी फुगा दाबेपर्यंत कॅमेरा आंधळा असतो. तेवढ्यात मी दोन बोटं पुढं झुकले असते. नाक फोकसमध्ये आणि डोळे बाहेर.”

नाना खुर्चीतून उठले, चाचपडत स्टुलापर्यंत गेले आणि त्यावर बसले. मी बघतच राहिले. नाना त्या स्टुलावर कधी बसले नव्हते. त्यांचा स्वतःचा फोटो घरात एकही नव्हता. आई कितीदा म्हणायची, तर ते म्हणायचे, मी बसलो तर काढणार कोण.

“लाव कॅमेरा,” ते म्हणाले. मग आठवण झाल्यासारखं करून पुन्हा उठले, टेबलावरचा एक होल्डर उचलून स्वतः माझ्या हातात दिला आणि परत जाऊन बसले.

मी होल्डर घेतला, भिंतीकडच्या फळीवरून काळं फडकं उचललं आणि कॅमेऱ्याकडे आले. फडकं डोक्यावर ओढलं. आत अंधार झाला आणि दुधी काचेवर नाना दिसले, उलटे, छोटे, मिशा आभाळाकडे. भाता सरकवला तसा चेहरा रेखीव होत गेला. जन्मापासून ओळखीचा चेहरा, पण उलटा बघितला की ओळख बाजूला पडते आणि नुसता माणूस उरतो. गालांत खड्डे पडले होते. एक डोळा दुसऱ्यापेक्षा पांढुरका झाला होता. मी रोज त्यांना चहा देत होते आणि मला हे दिसलं नव्हतं. मला रडू आलं. फडक्यात कोणी बघत नाही म्हणून मी ते येऊ दिलं, आणि मग डोळे पुसून त्यांच्या त्या पांढुरक्या डोळ्यावर फोकस धरला.

होल्डर घातला. काच झाकली गेली. प्लेटवरची झाकणाची पट्टी ओढली, फडक्यातून बाहेर आले आणि फुगा हातात घेऊन कॅमेऱ्याच्या बाजूला उभी राहिले.

नाना अगदी साळसूद चेहऱ्यानं बसले होते. फक्त दोन बोटं पुढं.

“नाना, मागं व्हा,” मी म्हटलं.

“मी कुठं हललो?”

“दोन बोटं पुढं आलात.”

“कॅमेरा तर आंधळा आहे म्हणालीस. मग तुला कसं दिसलं?”

“कॅमेरा आंधळा आहे. मी नाही. मी तुमच्याकडेच बघतेय.”

दारात पावलं वाजली. विद्या आणि रघू चहाची किटली घेऊन आले होते आणि उंबऱ्यातच थबकले. त्यांच्यासमोर नानांना काही सांगायचं म्हणजे माझी जीभ रेटेना. नाना तसेच पुढं झुकून बसले होते, मी काय करते ते बघत. मला कळलं की आता मऊ बोलून भागणार नाही. आजवर त्या खोलीत एकाच माणसाचा आवाज चालत आला होता. मी तो काढला.

“पाठ सरळ. मागं या, अजून मागं. बास. हनुवटी वर. उजवा खांदा खाली. आता हलायचं नाही.”

नाना मागं सरले. हनुवटी वर आली. उजवा खांदा हळूच खाली गेला. आणि मग, मिशीच्या एका टोकापासून सुरू होऊन, त्यांच्या चेहऱ्यावर एक लबाड हसू पसरत गेलं, पोरानं चोरून लाडू खाल्ल्यावर असतं तसं. ते पुरतं उमटलं तेव्हा मी फुगा दाबला.

“झालं?” नानांनी विचारलं. आता ते उघडच हसायला लागले. “बघितलंत का रे, कशी दरडावते मला. उगाच दरडावलंस पण, कुमे. होल्डर रिकामा होता. परीक्षेसाठी प्लेट कोण फुकट घालवतो?”

रघू हसला, विद्याही हसला. सकाळपासून पहिल्यांदाच त्यांना हसायला काहीतरी मिळालं होतं.

“तुम्ही दिलेला रिकामा होता,” मी म्हटलं. “काचेच्या प्लेटचं वजन हाताला कळतं, नाना. तो मी फडक्याखाली फळीवर ठेवला आणि तिथला भरलेला घेतला.”

नानांचं हसू थांबलं. हात आपोआप मिशीकडे गेला, जणू आता सारखी करून उपयोग होता. त्या चेहऱ्यानं ते जगासमोर कधीच बसले नसते, हे मला माहीत होतं. प्लेट आत आहे असं कळलं असतं तर त्यांनी मामलेदारासारखं तोंड केलं असतं.

मी होल्डर काढून डार्करूममध्ये गेले. लाल दिव्याखाली प्लेट हळूहळू काळवंडत गेली, आधी मिशा उमटल्या, मग गालाची सुरकुती, मग डोळे. पाण्यात धरून भिंगानं बघितलं. डोळ्यांच्या कडेच्या बारीक रेघाही सुट्या दिसत होत्या. प्लेट दोन्ही हातांनी धरून बाहेर आणली.

बाहेर चहा गार झाला होता. विद्या आणि रघू भिंतीला टेकून उभे होते आणि नाना स्टुलावरच होते. विद्यानं प्लेट घेऊन खिडकीशी धरली, रघूनं त्याच्या खांद्यावरून मान घातली. नानांनी मला विचारलं, डोळे आलेत का. मी म्हटलं, दोन्ही आलेत. मोतीबिंदूही आलाय. आणि पेन्सिल घेऊन तो बुजवायचा म्हणाल तर मी बुजवणार नाही.

“अरे, कसा आलाय ते सांगा की,” नाना पोरांवर खेकसले.

“मामा,” विद्या हळू आवाजात म्हणाला, “तुम्ही असे हसता हे आम्हाला माहीत नव्हतं.”

नानांनी प्लेट हातात घेतली, उजेडासमोर धरली, डोळे बारीक केले. त्यांना त्यात काही दिसलं असेल असं मला वाटत नाही. मग त्यांनी ती जपून माझ्या हातात परत दिली.

रघूनं भीत भीत विचारलं, “मग काका, स्टुडिओचं काय ठरलं? आमच्यातला कोण?”

“तिनं तुला फसवलं, ह्याला फसवलं, अन् मलाही फसवलं,” नाना म्हणाले. “पण मला फसवलं त्यातनं फोटो आला. उद्या निकमांचं जोडपं येतंय. ते कुमी काढेल. तुम्हाला शिकायचं असेल तर थांबा, ती बसवेल तिथं बसा.”

एवढं बोलून ते पुन्हा ताठ झाले. पाय अवघडले असावेत, कारण त्यांनी गुडघ्यावर हात घासला, पण उठले नाहीत. मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांची हनुवटी अजून वरच होती आणि उजवा खांदा खाली.

“कुमे,” नाना म्हणाले, “आता उठू का?”

मी त्यांना अजून एका प्लेटपुरतं बसवून ठेवलं.